घर कुठे बांधू दिलं, तिथूनच आपत्ती सुरू होते

दरवर्षी मे महिना सरत आला की व्हॉट्सअ‍ॅपवर एक यादी फिरू लागते. 'पावसाळ्याआधी आपलं घर असं सुरक्षित ठेवा.' गच्चीची गळती तपासा, पन्हाळी साफ करा, अंगणातल्या झाडांच्या वाळक्या फांद्या छाटा, महत्त्वाची कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, घराचा विमा उतरवा. यादीत चूक काही नसते. मीसुद्धा ती पुढे पाठवलेली आहे.

नोकरीच्या निमित्ताने मी अकरा वर्षांपासून जयपूरला राहतो. मूळ गाव लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यात. रविवारी इथल्या जवाहर नगर कच्च्या बस्तीत मुलांना गणित आणि इंग्रजी शिकवायला जातो. एका वर्षी जूनच्या पहिल्या रविवारी, मुलांना न्यायला आलेल्या बायांना मी ती यादी हिंदीत वाचून दाखवली. त्यांत एक काकी होत्या. राजा पार्कमधल्या मोठ्या घरांत झाडू-पोछा करतात. नवरा बांधकामावर मिस्त्री आहे. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मास्टरजी, बीमा वाले पट्टा माँगेंगे क्या?" मी म्हटलं, हो, घराचा विमा म्हटला की मालकीचा कागद मागतीलच. मग त्या म्हणाल्या, "गच्ची आमच्याकडे नाही, पन्हाळ नाही, अंगण नाही, झाड नाही. पिशवी आहे. तेवढं करते."

बाकीच्या बाया हसल्या. मीही हसलो. पण परतताना डोक्यातून तो प्रश्न गेला नाही. ही यादी लिहिणाऱ्याने काय काय गृहीत धरलं आहे? घराची जागा तुम्ही स्वतः निवडली आहे. जमीन तुमच्या नावावर आहे. पाणी वाहून जायला गटार आहे आणि ते गटार तुम्हाला स्वतः साफ करावं लागत नाही. एवढं सगळं आधीच मिळालेलं आहे, आता फक्त पन्हाळी तेवढ्या बघायच्या. ज्यांना यातलं काहीच मिळालेलं नाही, त्यांच्यासाठी यादीत एक पिशवी उरते.

'निसर्ग जात बघत नाही' हे वाक्य आपण प्रत्येक पुराच्या, प्रत्येक भूकंपाच्या वेळी ऐकतो. निसर्गापुरतं ते खरं आहे. पाणी उताराकडे जातं, वारा सैल पत्रा उचलतो, जड छत खाली येतं. पण उतारावर कोण राहतं, पत्र्याखाली कोण झोपतं आणि छत पडल्यावर मदत मागायला कुणाकडे कागद असतो, हे निसर्ग ठरवत नाही. ते जातीने ठरवलेलं असतं, आणि ढग यायच्या कितीतरी आधी ठरलेलं असतं.

जयपूरचंच बघा. १७२७ साली सवाई जयसिंहाने आखून वसवलेलं हे शहर. सरळ रस्ते, चौकड्या, बाजारपेठा. २०१९ साली युनेस्कोने जुन्या शहराला जागतिक वारसा यादीत घेतलं. त्या आखणीत कोणत्या धंद्याच्या लोकांनी कुठे राहायचं हेही होतं. ठठेरों का रास्ता, मनिहारों का रास्ता ही नावं आजही पाट्यांवर आहेत. पर्यटक त्यांचे फोटो काढतात. आपल्याला मात्र त्या पाट्या वाचताना कळतं की इथे धंदा म्हणजे जात होती.

आता या शहराच्या कडेला या. उत्तरेला नाहरगड, पूर्वेला गलता आणि झालाना, असे अरवलीचे उघडे खडक. वाळवंटाकडून येणारा वारा शतकानुशतकं वाळू आणून या डोंगरांच्या अंगावर टाकत आला. त्या वाळूचे ढीग म्हणजे इथले टीले. जवाहर नगरच्या बस्तीत लोक पत्ताच 'टीला नंबर अमुक' असा सांगतात. वर खडक, खाली भुसभुशीत वाळू. खडकावर पडलेलं पाणी मुरत नाही, ते एकदम खाली येतं आणि वाळू कापत नेतं. अशा जागी घर बांधायचं म्हणजे पाण्याच्या वाटेत बसायचं. हे इंजिनिअरला जेवढं कळतं तेवढं काकींनाही कळतं. त्यांचा नवरा दुसऱ्यांची घरं बांधतो, त्याला तर पायाचं सगळंच कळतं.

मग इथे का बांधलं? 'अतिक्रमण करतात आणि मग रडतात' असं म्हणणाऱ्यांनी हा प्रश्न कधी खरंच विचारलेला नसतो. गावात राबायला शेत दुसऱ्याचं होतं, म्हणून माणूस शहरात येतो. शहरात कठीण, सपाट जमीन विकत घ्यायची त्याची ऐपत नसते. भाड्याने घ्यायचं म्हटलं तर घरमालक आधी आडनाव विचारतो. माझ्याकडे सरकारी नोकरी होती, पगाराची स्लिप होती, तरी एका सभ्य वसाहतीत मालकाने "पाटील नाही, देशमुख नाही, मग नेमके कोण?" असं विचारून खोली नंतर कळवतो म्हणून सांगितलं. त्याचा निरोप अजून यायचा आहे. मला दुसरीकडे खोली मिळाली. ज्यांच्याकडे पगाराची स्लिप नाही त्यांना टीला मिळतो.

आणि अतिक्रमणाचंच बोलायचं तर रामगड धरणाचंही बोला. हे धरण एके काळी जयपूरला पाणी पाजायचं. १९८२ च्या आशियाई खेळांतल्या नौकानयनाच्या शर्यती तिथे झाल्या. पुढे त्याच्या पाणलोटात बंधारे, फार्महाऊस आणि बांधकामं होत गेली आणि धरण कोरडं पडलं. पाण्याच्या वाटा मोकळ्या करा असं न्यायालयाला वर्षानुवर्षं सांगावं लागलं. पाण्याची वाट अडवणारे सगळे झोपडीत राहत नाहीत. बुलडोझर मात्र आधी झोपडीचा रस्ता धरतो.

या शहरात पाऊस फार नाही, वर्षाला सरासरी सहा-साडेसहाशे मिलिमीटर. पण १९ जुलै १९८१ ला चोवीस तासांत ३२६ मिलिमीटर पडला, म्हणजे वर्षाचा अर्धा पाऊस एका दिवसात. जुनी माणसं अजून त्या पुराच्या गोष्टी सांगतात. १४ ऑगस्ट २०२० ला काही तासांच्या पावसात डोंगरावरून वाळू-मातीचा लोंढा लाल डुंगरी भागातल्या गणेशपुरी कच्च्या बस्तीत उतरला. घरं गाळाने भरली, रस्त्यावरच्या गाड्या गाळात गाडल्या गेल्या. १ ऑगस्ट २०२४ ला विश्वकर्मा भागात एका घराच्या तळघरात पाणी शिरलं आणि तीन जण बुडून मेले. त्यात एक लहान मुलगी होती. तळघर ही काही राहायची जागा नव्हे. पण ज्याला शहरात वरची जागा परवडत नाही, तो जमिनीखाली जातो किंवा डोंगरावर.

डोंगरावरून आठवलं. जयपूरच्या उच्च न्यायालयाच्या आवारात मनूचा पुतळा आहे. १९८९ साली तो बसवला गेला. त्याच वर्षी न्यायाधीशांच्या बैठकीत तो हटवायचं ठरलं, त्यावर याचिका झाली, स्थगिती आली आणि पुतळा उभाच राहिला. महाराष्ट्रातल्या वाचकांना तो ठाऊक आहे, कारण ८ ऑक्टोबर २०१८ ला औरंगाबादहून आलेल्या कांताबाई अहिरे आणि शीला पवार या दोघींनी त्याच्यावर चढून काळं फासलं आणि अटक पत्करली. या पुतळ्याचा घरांशी काय संबंध, असं कुणी विचारेल. संबंध थेट आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात कुणी कुठे राहायचं ते सांगितलेलं आहे. चांडाळ आणि श्वपच यांची वस्ती गावाबाहेर. त्याच्या अगदी आधीच्या श्लोकात ज्यांना हीन ठरवलं त्यांच्या राहण्याच्या जागा दिल्या आहेत: झाडांखाली, स्मशानात, डोंगरांवर. बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ ला महाडमध्ये हा ग्रंथ जाळला तेव्हा त्यांनी धर्मग्रंथाबरोबर एक नगररचनेचा आराखडाही जाळला होता. कागद जळाला. आराखडा अजून जमिनीवर आहे. भारतातल्या बहुतेक कोणत्याही गावात जा, महारवाडा, मांगवाडा, रैगरांचा मोहल्ला, वाल्मीकी बस्ती कुठे आहे ते बघा. ओढ्याच्या काठाला, सखल भागात, गटार जिथे उतरतं तिथे.

दुसरी आपत्ती उन्हाची. जयपूरच्या मे-जूनमध्ये पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो. बस्तीत दोन प्रकारची छतं आहेत. ज्याला थोडं जमलं त्याने दगडी पट्ट्या टाकल्या, बाकीच्यांच्या डोक्यावर पत्रा. पत्रा दिवसा भाजतो, दगड रात्री. दिवसभर शोषलेली उष्णता पट्ट्या मध्यरात्रीपर्यंत खोलीत सोडत राहतात. बाया मुलांना घेऊन बाहेर झोपतात. बाहेर झोपायलाही जागा असेल आणि बाई निर्धास्त झोपू शकेल, तर. गंमत अशी की ज्या न्यायालयाच्या आवारात मनू उभा आहे, त्याच न्यायालयाने ३० मे २०२४ ला उष्माघाताच्या मृत्यूंची स्वतःहून दखल घेतली आणि उष्णतेच्या लाटेला राष्ट्रीय आपत्ती म्हणून जाहीर करण्याची गरज बोलून दाखवली. चांगलं केलं. तेव्हाच्या केंद्राच्या बारा आपत्तींच्या यादीत चक्रीवादळ होतं, गारपीट होती, हिमस्खलन होतं, थंडीची लाटही होती. उष्णतेची लाट नव्हती. पत्र्याखाली, रस्त्याच्या कामावर आणि गटाराच्या तोंडाशी मरणाऱ्या माणसांचं मरण त्या यादीत बसत नव्हतं.

आता मला माझ्या गावाकडे जाऊ द्या, कारण मी हे सगळं पहिल्यांदा तिथे पाहिलं.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन वाजून छपन्न मिनिटं. आदल्या रात्री गणपती बुडवून लोक झोपले होते. किल्लारीच्या भूकंपात आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. आमच्या भागात सुखवस्तू घर म्हणजे माळवदाचं घर. दोन-अडीच हात जाडीच्या दगड-मातीच्या भिंती आणि वर लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर. दर पावसाळ्याआधी त्या थरावर आणखी माती पडायची, गळती थांबावी म्हणून. म्हणजे घराचं रक्षण करता करताच छत जड होत गेलं होतं. भूकंपात त्या भिंती फुटल्या आणि टनावारी माती झोपलेल्या माणसांवर आली. आमचं घर वाड्याबाहेरच्या गल्लीत, कुडाच्या भिंतीचं, वर पाचट आणि चार पत्रे. ते कलंडलं, पण आम्ही त्याखालून निघालो. आजी पुढे आयुष्यभर सांगायची, "गरिबीनं वाचवलं." लहानपणी मला ते खरं वाटायचं. आता वाटतं, कुडाच्या घराने आम्हाला एका पहाटे वाचवलं. त्याआधीच्या प्रत्येक पावसाळ्यात त्याने आम्हाला भिजवलं होतं, आणि विंचू-सापाची धास्ती तर रोजचीच होती.

पण खरा धडा पुढे आहे. पुनर्वसन झालं. जागतिक बँकेच्या कर्जातून, देशभरातून आलेल्या मदतीतून बावन्न गावं नव्या जागी उभी राहिली. घरं भूकंपाला टिकतील अशी बांधली, रस्ते रुंद केले, हे सगळं कौतुकाचं. पण कुणाला किती मोठं घर, हे कसं ठरलं? घरात माणसं किती यावरून नव्हे. जमीन किती यावरून. भूमिहीन आणि हेक्टरभरापर्यंत जमीन असलेल्यांना २५० चौरस फूट. त्याहून जास्त, सात हेक्टरपर्यंत असलेल्यांना ४०० चौरस फूट. त्याच्या वर ७५० चौरस फूट. आपल्या भागात भूमिहीन कोण असतं, हे सांगायला नको. म्हणजे जमीन हादरली, गाव सपाट झालं, सगळे एका पंगतीत आले, आणि नवं गाव उभारताना जुनी उतरंड फूटपट्टीने मोजून पुन्हा घातली गेली. कुणी जातीचं नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती. सातबारा पुरेसा होता.

जयपूरच्या काकींचा प्रश्न मला म्हणून लागला. बीमा वाले पट्टा माँगेंगे क्या? लातूरला सातबारा, जयपूरला पट्टा.

सरकारी मदतीचंही तेच आहे. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून मदत देण्यासाठी केंद्राने २०२२ ते २०२६ या काळाकरता जे निकष ठरवले, त्यात सपाट भागात पूर्ण पडलेल्या घराला १,२०,००० रुपये आहेत. झोपडीला ८,०००. अंशतः पडझड झालेल्या पक्क्या घराला ६,५००, कच्च्या घराला ४,०००. आणि त्याला जोडून एक टीप आहे: पडझड झालेलं घर अधिकृत बांधकाम असलं पाहिजे आणि सक्षम अधिकाऱ्याने तसं प्रमाणित केलं पाहिजे. ही एक ओळ नीट वाचा. टीला नंबर अमुकवरचं घर वनजमिनीवर असेल, नाल्याच्या प्रवाहात असेल, तर ते अधिकृत कसं ठरणार? राजस्थान सरकारने २०२१ पासून 'प्रशासन शहरों के संग' या मोहिमेत पट्टे वाटले, पण वनजमिनीवरच्या आणि प्रवाहक्षेत्रातल्या घराला पट्टा मिळणं सोपं नसतं. जिथे धोका सर्वांत जास्त, तिथेच कागद सर्वांत कमी. आणि ज्याच्याकडे कागद कमी, त्याचं नुकसान सरकारी वहीत सर्वांत लहान.

आपल्याकडे कायदा नाही असं नाही. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम ६१ मध्ये स्पष्ट म्हटलं आहे की नुकसानभरपाई आणि मदत देताना लिंग, जात, समुदाय, वंश किंवा धर्म यावरून भेदभाव करता येणार नाही. हे कलम प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करून ठेवावं. पण त्याची मर्यादाही ओळखावी. ते मदत वाटण्याच्या रांगेपाशी सुरू होतं. रांगेत उभं राहायला जो कागद लागतो तो कुणाकडे आहे आणि कुणाकडे का नाही, इथपर्यंत ते जात नाही. आणि रांग संपल्यावरही प्रश्न उरतो: गाळ कोण उपसणार? मेलेली जनावरं कोण ओढणार? २००४ च्या सुनामीनंतर नागपट्टिनममध्ये कुजलेली प्रेतं उचलायला आणलेले सफाई कामगार बहुतांश दलित होते. आपत्तीत इतरांची कामं बंद पडतात. आपल्या जातींना नेमून दिलेली कामं आपत्तीत वाढतात.

इथे बाबासाहेबांची एक बाजू आठवते, जिच्याबद्दल आपण जयंतीच्या भाषणांत कमी बोलतो. १९४३ च्या पावसाळ्यात दामोदर नदीला मोठा पूर आला. रेल्वे आणि रस्ते तुटले, कलकत्त्याचा बाकी देशाशी संपर्क खुंटला. बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य होते आणि सिंचन-वीज त्यांच्याकडे होती. ३ जानेवारी १९४५ ला कलकत्त्याला दामोदरविषयी आणि ८ नोव्हेंबर १९४५ ला कटकला ओडिशाच्या नद्यांविषयी झालेल्या परिषदांत ते बोलले. पुराचं पाणी म्हणजे कसं तरी समुद्रात ढकलून द्यायचं संकट, ही समजूतच त्यांनी खोडून काढली. पाणी ही संपत्ती आहे, ते साठवायचं, त्यातून सिंचन, वीज, वाहतूक उभी करायची, आणि त्यासाठी नदीच्या पूर्ण खोऱ्याचा एकत्र विचार करायचा. १९४८ साली दामोदर खोरे महामंडळ उभं राहिलं. पुढे अशा धरणांनी आदिवासींना उठवलं, ते अन्यायाचं वेगळं प्रकरण आहे आणि ते झाकायचं कारण नाही. पण मुद्दा हा की पुरापासून माणसाला वाचवणं हे बाबासाहेबांच्या लेखी राज्याचं काम होतं. योजनेचं, पैशाचं, अभियांत्रिकीचं काम. ज्याने त्याने आपली पन्हाळ बघावी असं ते म्हणाले नाहीत.

जयपूरने नदीवर पैसा घातलाच नाही असंही नाही. अमानीशाह नाला म्हणून ओळखल्या जाणाऱ्या द्रव्यवती नदीचं सत्तेचाळीस किलोमीटर लांबीचं सुशोभीकरण झालं, काँक्रीटचे काठ, बागा, सायकलचे रस्ते. पण डोंगराच्या उतारावरून बस्तीत उतरणाऱ्या लहान नाल्यांना काठ नाहीत. फिरायला येणाऱ्याला दिसेल ती नदी, झोपलेल्याला बुडवेल तो नाला.

मग आपण काय करायचं? राज्य जागं होईपर्यंत थांबायचं, असं मी म्हणणार नाही. आंधी जूनमध्ये येते, न्याय कधी येतो ते माहीत नाही. म्हणून त्या यादीतलं जे आपल्या घराला लागू आहे ते करूच. पत्र्यावर दगड-विटा ठेवून भागत नाही. आंधीत पत्रा आधी कडेने उचलला जातो आणि वरचा दगड कुणाच्या तरी डोक्यात जातो. पत्रा जे-हुकने खालच्या पाइपला किंवा वाशाला आवळायचा, कडांना आणि कोपऱ्यांना हुक जवळ जवळ घ्यायचे. एप्रिलमध्ये छताला चुन्याचा पांढरा हात द्यायचा. ऊन परत फिरतं आणि खोली काही अंशांनी उतरते. अहमदाबादने २०१३ साली उष्णतेचा कृती आराखडा केला आणि पुढे गरीब वस्त्यांची छतं पांढरी करण्याचा कार्यक्रम घेतला. जयपूरच्या वा नांदेडच्या पालिकेला ते अशक्य नाही. जोतं वीतभर उंच घ्यायचं, बिजलीचं बोर्ड गुडघ्याच्या खाली ठेवायचं नाही. आणि हो, पिशवी. काकींची पिशवी खरंच महत्त्वाची आहे.

पण एकट्याने करायच्या उपायाची हद्द मी बस्तीतच बघितली. २०२० च्या पुरानंतर एका घराने दारासमोर वाळूची पोती रचली. वाळू तिथे फुकट आहे. पुढच्या पावसात त्यांचं घर कोरडं राहिलं आणि सगळं पाणी शेजारणीच्या घरात गेलं. दोन्ही घरं आपलीच. भांडण झालं, पोलीस आले. पोती चुकीची नव्हती. ती गल्लीच्या तोंडाशी, सगळ्यांनी मिळून, पाणी नाल्याकडे वळेल अशी लावायला हवी होती. पुढच्या वर्षी तशी लावली.

म्हणून प्रत्येक बस्तीत, प्रत्येक वाड्यात, पावसाळ्याआधी चार कामं व्हावीत असं मला वाटतं.

पहिलं, मोजणी. घरागणिक नोंद करायची: माणसं किती, छत कशाचं, किती वर्षांपासून राहतात, वीजबिल, मतदार ओळखपत्र, रेशन कार्ड, इथे जन आधार. प्रत्येक घराचा आतून-बाहेरून फोटो, तारखेसह. घर पडल्यावर ते उभं होतं हे सिद्ध करायला दुसरा पुरावा नसतो.

दुसरं, लेखी मागणी. नाल्याची सफाई पावसाआधी आणि यंत्राने झाली पाहिजे. आपल्याच माणसाला कंबरभर घाणीत उतरवून आपल्याच बस्तीचं रक्षण करायचं, हे चालणार नाही. मागणीच्या अर्जावर पोच घ्या.

तिसरं, कागदाची लढाई. मदत मिळायला मालकीचा नव्हे, वास्तव्याचा पुरावा पुरेसा धरला पाहिजे. जी जागा खरंच धोक्याची आहे तिथून हलवायचं असेल तर कामाच्या जागेपासून जवळ, आधी घर देऊन, मग हलवा. शहराबाहेर वीस किलोमीटरवर फेकणं म्हणजे पुनर्वसन नव्हे, तो पुन्हा गावाबाहेरचा महारवाडाच. आणि प्रत्येक आपत्तीनंतर नुकसानीची आणि मदतीची आकडेवारी जातवार जाहीर झाली पाहिजे. कलम ६१ पाळलं की नाही, हे आकड्यांशिवाय कळणार कसं?

चौथं, आपल्या स्वतःच्या जागा. महाराष्ट्रात गावोगाव बुद्ध विहारं आहेत, समाजमंदिरं आहेत. ती बहुतेकदा आपल्या वस्तीतली सर्वांत पक्की इमारत असते. पुराच्या रात्री, उष्म्याच्या दुपारी ती उघडी असली पाहिजेत, तिथे पाणी, दोर, ताडपत्री, बॅटरी असली पाहिजे. चौदा एप्रिलच्या वर्गणीतून डीजेचे थोडे पैसे कमी करून एवढं सहज होतं. दरवर्षी बोलतो आपण, यंदा करून बघू.

यातलं एकही काम मनूच्या आराखड्याला पूर्ण पुसत नाही, हे मला माहीत आहे. जमिनीचं फेरवाटप झाल्याशिवाय, शहरात जात न विचारता घर मिळाल्याशिवाय तो पुसला जाणार नाही. पण पुसण्याची सुरुवात आपलं घर मोजण्यापासून होते. ज्याची नोंद नाही त्याचं नुकसान नाही, असं राज्य म्हणतं. तर नोंद आपण करू.

जवाहर नगरच्या आमच्या वर्गात आता सहावी-सातवीची मुलं एका जाड वहीत घरांची नोंद करतात. क्षेत्रफळाचं गणित शिकवायला मला दुसरं उदाहरण लागत नाही. काकींचं घर त्या वहीत पहिल्या पानावर आहे: नऊ फूट गुणिले बारा फूट, छत पत्रा, राहणारी माणसं सहा, बावीस वर्षांपासून. पट्ट्याच्या रकान्यात त्यांच्या नातीने 'नहीं' लिहिलं आणि कंसात 'माँगा है' असं जोडलं.

जय भीम.